चौकातला शेंदरी दगड अन् रंगरावचा ओटा

कामरगावच्या चौकात पाय ठेवला की पहिले रंगरावचा आवाज भेटते, मंग रंगराव भेटते. "कारंजाऽऽ, कारंजा कारंजा! चला, एकच सीट राह्यली, एकच!" जीप अख्खी रिकामी असली तरी एकच सीट राह्यलेली असते. त्यात ड्रायव्हरची मोजली का अजून कोणाची, हे आजवर कोणाले समजलं नाही.

रंगराव ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, जीपचा मालक त त्याहून नाही. त्याचं काम एकच, रस्त्यानं चाललेल्या माणसाले काळी-पिवळीत बसवणं. ज्याले जायचंच नाही असाही माणूस त्यानं कारंजाले पोचवला आहे, असं लोकं म्हणतात. घरी शेताचा तुकडा आहे, तो त्याची बायको सोजरबाई पाह्यते. रंगराव चौक पाह्यते.

चौकात कडूनिंबाचं झाड, झाडाले ओटा, अन् ओट्यावर रंगराव. तिथं उभा राह्यला की चारी रस्ते त्याच्या मुठीत. कारंजाचा, धनजचा, बाजारातून येणारा अन् शेतातून येणारी पांदण. खाली उतरला की मात्र तो तुमच्या-आमच्यासारखाच, उलट जरासा बुटका. सोजरबाई त चारचौघात म्हणे, "ह्यायची अर्धी उंची पायात हाये अन् अर्धी ओट्यात."

आता त्या चौकाचं काय सांगावं! सोयाबीन निघालं की ट्रॅक्टरची रांग, त्यात एसटी आडवी, एसटीच्या समोर जीप, जीपच्या समोर हातगाडी, अन् हातगाडीच्या समोर म्हैस. अन् सारे हॉर्न वाजवून राह्यले म्हशीवर. कोंडी कोण करते म्हणाल, त पहिला मान रंगरावचाच. जीपा कुठं उभ्या? ऐन रस्त्याच्या तोंडावर. काहून? त ओट्यावरून हाक तिथंच नीट पोचते म्हणून! आता बोला.

मंग बांधकाम खात्याच्या नवीन मॅडम आल्या. नीलिमा मॅडम. वयानं लहान, पण पोरगी धीराची. त्यायनं ग्रामसभेत भिंतीवर मोठा कागद लावला अन् म्हणाल्या, "चौक तुमचा आहे, कसा पाहिजे ते तुम्हीच काढा." गावानं काढला. ज्यानं त्यानं पहिले आपलं घर काढलं, घरापुढचा गोठा काढला, अन् मंग उरलेल्या जागेत चौक. मॅडम हसल्या, दुसरा कागद लावला. असे कागदावर कागद झाले अन् शेवटी जमलं ते असं. चौकाच्या मधात एक गोल, सगळ्यायनं त्याच्या डावीकडून फिरून जायचं. अन् जीपा तोंडावरून उठून बाजाराच्या मैदानात.

"सिमेंट आत्ता नाही लागत," मॅडम म्हणाल्या. "आधी आपल्या हातानं गोल मांडून पाहा. कोंडी सुटली तर हाच नकाशा पुढं जाईल. नाही सुटली, तर मधातून लोखंडी कठडा टाकायचं वरून ठरलं आहे. मग बाजाराचं तोंड गाड्यायसाठी बंद."

बाजाराचं तोंड बंद म्हणजे ट्रॅक्टरनं गावाले वळसा घालायचा. रंगराव ताडकन उठला. "जीप हलली त माणूस येनार नाई! मैदानात कोन येते मराले? मी सांगतो, हे चालत नाई!"

एवढा मोठा आवाज, की मॅडमच्या हातातला खडू पडला. त्यायनं खडू उचलला, रंगरावकडं पाह्यलं अन् म्हणाल्या, "काका, सगळ्या चौकाले ऐकू जाईल असा आवाज एकट्या तुमचाच आहे. ही चाचणी तुम्हीच का नाही सांभाळत?"

झालं. गावानं टाळ्या वाजवल्या. रंगरावले विरोध करता येते, भांडता येते, पण कोणी तारीफ केली की त्याचं डोकं जागेवर राह्यत नाही. छाती बाहेर काढून म्हणाला, "आता सारे म्हनता त पाह्यतो. पन ओटा माहा. जीपा जाऊ द्या मैदानात, मी हाका ओट्यावरूनच मारीन."

"मारा ना," मॅडम म्हणाल्या. "ओट्याले कोणी हात लावत नाही."

अन् काय सांगता, ज्या माणसानं घरी कधी पाण्याचा गुंड उचलला नाही, तो गावभर हिंडला. घरटी एक दगड, आपापल्या शेतातून आणायचा, असं त्यानं ठरवलं. बैलगाडीत दगड आले, मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर दगड आले. चौकात गोल झाला. बायायनं चुना लावून तो पांढराशुभ्र केला. पण मधातला मोठा दगड बाकी राह्यला अन् चुना सरला. हा दगड रंगरावच्याच बांधावरचा, चांगला गोलमटोल. काळा दगड अंधारात दिसणार कसा? रंगरावच्या घरी मंदिराच्या कमानीले लावून उरलेला शेंदरी ऑइलपेंट पडला होता. अर्धा डबा. त्यानं तो आणला अन् मोठ्या प्रेमानं दगडाले दोन हात दिले. लांबून पाह्यलं, मान हलवली, घरी गेला.

तुमी सांगा, वऱ्हाडात उभ्या रस्त्याच्या मधात गोल दगड ठेवायचा, त्याले शेंदरी रंग द्यायचा, अन् वरून म्हणायचं का हा ट्रॅफिकचा आहे!

सकाळी सकाळी गोमतीबाई वांग्याची टोपली घेऊन चौकात आली. म्हातारी नाल्याकाठी भाजीपाला लावते, कारंजाच्या बाजारात विकते. तिनं दगड पाह्यला, टोपली खाली ठेवली, गडव्यातलं पाणी वाहलं, कनवटीची कुंकवाची पुडी काढली. तिच्या मागून दोघी आल्या, त्यायनं फुलं वाहली. दुपारपर्यंत नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवाले गोलाजवळ थांबून हात जोडू लागले, ट्रॅक्टरवाले खाली उतरू लागले, एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून प्रसाद घेतला अन् मागच्या गाड्या पार पांदणीपर्यंत तुंबल्या. अशी कोंडी कामरगावनं जन्मात पाह्यली नव्हती.

मॅडमचा फोन आला. "काका, परवा साहेब पाहायले येणार आहेत. गोलाचं काय चाललं आहे?"

"चांगलं चालून राह्यलं," रंगराव म्हणाला. मागून घंटा वाजत होती.

त्यानं चुन्याची बादली आणून दगड पांढरा करायचा घाट घातला. बाया कंबरेले हात लावून उभ्या राह्यल्या. "लाव बरं हात! लावून त पाह्य!" रंगराव बादली घेऊन तसाच मागं फिरला. घरी सोजरबाई दारातच होती. "आजपर्यंत नुसती मानसं बसवत होते," ती म्हणाली, "आता देवबी बसवला. आता बसा तुमीच."

पण ती हसली नाही. कारण तिलेही समजत होतं. साहेब आले, कोंडी दिसली, की कठडा पडणार, बाजाराचं तोंड बंद होणार, अन् गाव म्हणणार, रंगराव्यानं घोळ घातला. अन् ते खरंच असणार.

तवा रंगराव उठला अन् नाल्याकाठी गेला. गोमतीबाई वांग्याच्या वाफ्यात वाकलेली. गावच्या नात्यानं त्याची काकू. गावात त्याले रंग्या म्हणणारी आता तेवढीच उरली आहे.

"काकू, थो देव नोहे. दगड हाये. माह्या बांधावरचा."

"मंग?"

"मंग काय! त्याच्यावर बसून मी भाकर खाल्ली हाये!"

"मंग माफी माग त्याची," गोमतीबाई वांगं तोडत म्हणाली.

"अवं, रंग मी देल्ला! माह्या हातानं!"

"दगड तू आनला, रंग तू देल्ला. कुकू कोनं लावलं?"

"तुनं."

"मंग आता थो दगड राह्यला काय रे, रंग्या?"

रंगराव वाफ्याच्या कडेले बसला. गोमतीबाई कंबर सरळ करून उभी राह्यली. "काहून आला, थे सांग. उठवाचा हाये काय त्याले?"

"उठवाचा हाये. नाई त बाजार बंद होते. तुही वांगीबी वळसा घालून जातीन."

"उठते ना. देव काय हट्टी नसते, मानसासारखा. पन रस्त्यातून उठवून उकिरड्यावर नाई ठेवता येत. उंचावर मानाची जागा पायजे, सावली पायजे, जाता-येता लोकायले दिसलं पायजे." अन् वांगं हातात धरून तिनं रंगरावकडं पाह्यलं. "अशी जागा चौकात एकच हाये."

रंगरावले समजलं. तो उठला अन् निघाला.

त्या संध्याकाळी तो ओट्यावर उभा होता, पण हाक मारली नाही. लखन नावाचा जीपवाला आला, चांगला हट्टाकट्टा जवान. "काका, घसा बसला काय?" रंगरावनं मान हलवली. त्याच ओट्यावरून त्यानं जवानीत पहिली हाक मारली होती. ओटा गेला त उभं कुठं राह्यचं? मैदानात? तिथं त जमीन सपाट. तिथं कोणाले दिसणार रंगराव? बरं, 'देव आपला आपण उठवा, ओटा माहा' असं म्हटलं असतं, त मॅडमनं दिलेला शब्द त्याच्याच बाजूचा होता. त्याले कोणी काही बोललं नसतं.

साहेब यायचे त्या दिवशी सकाळी रंगराव आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून चौकात आला. ओटा त्यानं स्वतः झाडला, स्वतः धुतला. मंग दोघा-तिघायले हाक मारली अन् दगडाले हात घातला. डफडं वाजलं, बायायनं वाट शिंपली, अन् शेंदरी दगड मानानं ओट्यावर गेला. गोलाच्या मधात या वेळी एसटीचा जुना टायर ठेवला, चुना लावून. दसरा लांब होता, म्हणून टायरची पूजा व्हायचा काही धोका नव्हता.

अन् गाड्या फिरू लागल्या! ट्रॅक्टर आला, डावीकडून फिरला, गेला. एसटी आली, फिरली, गेली. म्हैससुद्धा फिरली. लोकं कडेले उभे राहून पाहू लागले, जशी काही शंकरपटात बैलायची शर्यत चालू आहे.

पण मैदानात जीपा रिकाम्या. बसणारी माणसं सवयीनं चौकातच, देवाजवळ सावलीत, पिशव्या घेऊन उभी. लखननं जीप चालू केली. "मी चाललो चौकात. रिकामी गाडी काय पूजाले ठेवू?" एक गेला की सारे जाणार, हे रंगरावले पक्कं ठाऊक. अन् साहेबाची गाडी धनजहून निघाली म्हणून निरोप आलेला.

"इंजन बंद कर."

"माणसं तिकडं हायेत, काका!"

"मी आनतो. तू बंद कर."

तो धावत चौकात आला. ओट्याकडं पाय वळले होते, पण तिथं आता देव. तो खालीच उभा राह्यला. "मैदानात चला! जीपा मैदानात हायेत!" माणसं पाहू लागली. गोमतीबाई टोपलीजवळ बसून होती.

"इथीच बलाव ना जीप. माहे गुडघे दुखतात."

रंगरावनं एकवार धनजच्या रस्त्याकडं पाह्यलं. अन् मंग वाकला, गोमतीबाईची वांग्याची टोपली उचलली, आपल्या धुतलेल्या टोपीवर ठेवली अन् चालू लागला.

"ए! ए रंग्या! माही वांगी! अरे मुडद्या!"

तो थांबला नाही. गोमतीबाई उठली. गुडघे कुठं गेले कोणास ठाऊक, म्हातारी शिव्या देत त्याच्या मागं पळू लागली. म्हातारी निघाली म्हणून तिच्या सोबतच्या बाया निघाल्या, बाया निघाल्या म्हणून पिशव्यावाले निघाले, काय झालं ते पाहायले रिकामटेकडेही निघाले. सारा चौक टोपलीच्या मागं मैदानात. डोक्यावर टोपली घेतलेला रंगराव त्या दिवशी, खरं सांगते, चांगला उंच दिसत होता.

साहेबाची गाडी आली तवा चौकात गोल होता, टायर होता, अन् एक एसटी सुरळीत फिरून चालली होती. साहेब इकडं तिकडं पाहून मॅडमले म्हणाले, "कोंडी कुठं होते म्हणालात?" मॅडम म्हणाल्या, "इथंच होत होती, सर."

मैदानात रंगरावनं टोपली लखनच्या जीपच्या टपावर चढवली अन् गोमतीबाईले हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. तिचं तोंड चालूच होतं. रंगराव सपाट जमिनीवर उभा राह्यला, कमरेवर हात ठेवले अन् घसा साफ केला.

"कारंजाऽऽ! कारंजा कारंजा! चला, एकच सीट राह्यली!"

तिकडं चौकात चहा पीत असलेल्या एका माणसानं कप ठेवला अन् पिशवी उचलली.

गोमतीबाईनं कानावर हात ठेवला. "मेल्या, जमिनीवरूनबी एवढंच भुंकतं," ती म्हणाली, "मंग इतके वर्स त्या ओट्यावर चढून आमचे कान काहून फोडले?" अन् लखनकडं वळून, "चाल बापू, काढ गाडी. यानं पळवलेली वांगी सुकून राह्यली माही."