रेडिओकाकांच्या हातातलं स्टेशन

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांच्या डाव्या हातातच एक स्टेशन लागायचं. डायलिसिससाठी डॉक्टरांनी कोपराजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडली होती. त्या जोडावर कान ठेवला की आत रक्ताची घरघर ऐकू यायची. ती थांबली म्हणजे जोड बंद पडला, म्हणून काकू रोज चहाआधी कान लावायच्या.

"बातम्या लागल्या का गं?" काका विचारायचे.

"लागल्या," काकू निवेदिकेच्या आवाजात सांगायच्या, "आणि हवामान कोरडं राहील."

पुढे नवी किडनी बसली, डायलिसिस सुटलं, पण काकूंची सवय काही सुटली नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच जागी जांभळट गाठ आली.

"जुन्या जोडापाशी असा कॅन्सर फार क्वचित होतो," डॉक्टर म्हणाले. "हात काढला तरच आशा आहे."

काका अडून बसले. "एका हाताने तारेला सोल्डरचा डाग कसा देऊ?"

"तार मी धरीन. तुम्ही नुसते समोर बसा म्हणजे झालं."

हात गेला. आता दुकानात काकू तार धरतात आणि काका डाग देतात. सकाळी मात्र काकूंची मान आपोआप रिकाम्या बाहीकडे झुकते.

"काय ऐकतेस वेड्यासारखी? स्टेशन कधीच बंद झालं."

"हो," म्हणत काकू चहा ओततात. घरघर त्यांना अजून स्पष्ट ऐकू येते. सांगितलं तर ती थांबेल, या भीतीने त्या कुणाजवळ बोलत नाहीत.