रविवारचं पातेलं

"गाठ सुटत नाही तुमची, दातानं तोडा लागते."

दर शनिवारी ती हे म्हणायची. त्या शनिवारीही मोठ्यानं म्हणाली. ती मागे स्टोव्हजवळ पाटावर बसून बोकडाच्या आतड्यात नरसाळ्यानं खिमा भरत होती. मी उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसलो होतो. भरलेलं आतडं ती मागून माझ्याकडे सरकवायची आणि मी बोटभर अंतर सोडून दोऱ्यानं बांधत जायचो. वाल आधीच भिजत घातले होते. दुपारपर्यंत माळ गच्चीवरच्या दोरीवर टांगायची आणि रविवारी सकाळी पातेलं चढवायचं, हे ठरलेलं.

मी चौथी शिकलेला माणूस. लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, जन्म गेला. मला सजवून लिहिता येत नाही. बायकोचं नाव मी घेत नाही, ती असतानाही घेतलं नव्हतं. सुरतेच्या गोडादऱ्यात तुम्ही कोणालाही विचारलं असतं, तर लोकांनी मावशी म्हणूनच घर दाखवलं असतं.

ती भुसावळची. तिचा बाप रेल्वेच्या बंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली होता. तिथला ड्रायव्हर साहेब गाडीवर जाताना डब्यात पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या बियांचा आणि मांस भरलेल्या आतड्याचा रस्सा न्यायचा. तो त्याला सूप म्हणायचा. बापानं ते पाहून पाहून उचललं आणि घरी येऊन काळा मसाला घालून करायला लागला. साहेब लोक गेले, बंगले राहिले, आणि रस्सा आमच्या घरी सुरतेला आला. सूप म्हणायला आम्हाला लाज वाटायची. आम्ही रस्साच म्हणायचो.

पांढऱ्या बिया इथे मिळेनात. मग तिला वाण्याकडे रंगुनी वाल सापडले, मोठे, चपटे, पांढरे. दोन वाल तिनं दुकानातच दाताखाली धरून पाहिले. वाणी म्हणाला, "बेन, काचा शुं खाओ छो?" कच्चेच काय खाता, असं. ती म्हणाली, "खात नाही, ओळख करू राहिले."

गाठीचं सांगतो. लूमवर धागा तुटला की मशीन थांबायच्या आत दोन बोटांनी गाठ मारावी लागते. बारीक, चपटी, ओढली की आणखी घट्ट होणारी. तीस वर्षं दिवसभर मी तेच केलं. दुसरी गाठ मला येतच नाही. पहिल्यांदा तिनं मला आतडं बांधायला बसवलं तेव्हा मी खात्यातलाच धागा आणला होता. आमचा धागा सगळा नायलॉनचा. रस्सा उकळल्यावर धागे आखडले, वळले, आणि घरभर प्लास्टिक जळाल्यासारखा वास सुटला. तिनं एक धागा पळीनं उचलून पाहिला. मग म्हणाली, "कपड्याचं गाव म्हणे. साधा सुती दोरा नाही ह्या गावात." पुढं ती गोधडीचा दोरा भुसावळहून आणायची आणि पिठाच्या डब्यामागे ठेवायची.

रविवारी खात्याला सुट्टी. आमच्या गल्लीत पंचवीस-तीस माणसं अशी होती, की बायकापोरं गावी आणि हे इथे एका खोलीत आठजण. खानदेशचे, ओरिसाचे, भैया लोक. आठवडाभर डाळभात. रविवारी अकरा वाजता ते डबे घेऊन आमच्या दारात उभे राहायचे. त्यात एक भैया होता, उंच, कानात बाळी. दोरीवर लटकलेल्या माळेला त्यानं नाडा नाव दिलं होतं. गल्लीच्या तोंडाशीच ओरडायचा, "मौसी, आज नाडा है क्या?" ती आतून म्हणायची, "तुझा सुटला असंल तर घेऊन जा." सगळी गल्ली हसायची. मी मात्र ओठ हलताना बघून हसायचो. लुमांनी माझे कान कधीच घेतले होते. डाव्या कानानं काही येत नाही आणि उजव्यानं मोठ्यानं बोललं तरच.

घरमालक शाकाहारी. एकदा भाडं घ्यायला गच्चीवर आला आणि माळेसमोर उभा राहिला. "आ शुं सुकव्युं छे?" हे काय सुकवलंय, असं त्यानं विचारलं. दुसरी असती तर काहीतरी खोटं सांगून मोकळी झाली असती. हिनं सरळ सांगितलं, "बोकडाचं आतडं आहे. तुमाले नको असंल तर खोली सोडतो." तो तोंडाला रुमाल लावून उतरला. परत गच्चीवर आला नाही. खोलीही सोडायला सांगितली नाही. नंतर तो आजारी पडला तेव्हा तिनं त्याच्यासाठी नुसत्या वालांचा पातळ रस्सा वेगळ्या, नव्या पातेल्यात करून दिला आणि पातेलं त्यांच्याकडेच ठेवून आली.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे कामरेजला तापीकाठी गेलो होतो. तीन दगड, वाळकी काटकं, तेच पातेलं. आधी माळेचे तुकडे कोरड्या पातेल्यात परतायचे, त्यांचीच चरबी सुटते. ते काढून त्याच चरबीत कांदा, लसूण, टमाटा. मग वाल आणि पाणी. ती मला पंचवीसदा सांगायची, "मीठ आधी घालायचं नाही. वाल रुसते. शिजतच नाही मग." मी मान हलवायचो. माझं काम गाठी मारायचं, मी कशाला ऐकू. वाल बोटानं दाबला जाईल तेव्हा ती तुकडे परत सोडायची, पण त्याआधी एकेक गाठ काढायची. नखानं निघाली नाही की दातानं. वाढल्यावर कोणाच्या तोंडात दोरा आलेला मी कधी पाहिला नाही. हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं.

प्लेगच्या साथीत अर्धं गोडादरा गाड्यांना लटकून गावी गेलं. मीही पिशवी भरली. ती म्हणाली, "वाल भिजत घातले आहे." मी म्हटलं, फेक ते, जीव महत्त्वाचा. तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि आतले कपडे परत दोरीवर टाकले. "भिजवले तर शिजवा लागते. जे राहिले ते काय खातील?" जे राहिले होते ते नऊजण होते. नऊजण आले आणि पोटभर जेवले. आम्हाला काही झालं नाही. मी त्याचा फार राग धरला होता, की ही बाई वालांसाठी मला मारायला निघाली होती. अजूनही थोडा आहे.

साथीनंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. त्या शनिवारी तिला काही होत नव्हतं. सकाळी तिनं भांडी घासली, बाजार केला, मसाला वाटला. गाठीवरून मला बोलली. मी दोऱ्याकडे बघत बांधत होतो. मागून आतडं येत होतं. एक गाठ, दुसरी गाठ. मी तिला खात्यातलं काहीतरी सांगत होतो, कोणत्या तरी मशीनचं. ती उत्तर देत नव्हती. तिचं उत्तर मला एरवीही ऐकू यायचं नाही, म्हणून मी सांगतच राहिलो.

मग आतडं यायचं थांबलं. जेवढं माझ्या हातात होतं तेवढ्यावर मी आणखी दोन गाठी मारल्या. मग ओढलं. आलं नाही. मी म्हटलं, "सोड ना." पुन्हा ओढलं. मग वळलो.

ती पाटावरून बाजूला पडली होती. नरसाळं लांब गेलं होतं. आतडं तिच्या मुठीत होतं. मी ओढत होतो ते तिच्या मुठीतून ओढत होतो.

पडताना आवाज झाला असेल. खिम्याची पितळी परात उपडी झाली होती, तिचा तर झालाच असेल. शेजारच्या आक्काला भिंतीपलीकडून ऐकू आला. ती धावत आली तेव्हा मी उठत होतो. समोरच्या गल्लीतला डॉक्टर आला, मनगट धरलं, डोळे उघडून पाहिले आणि मान हलवली. मी त्याला म्हटलं, आत्ता बोलत होती. तो म्हणाला, "होतं काका, असंच होतं." कोणीतरी माझ्या हातातला दोरा काढून घेतला. किती वेळ ती पडलेली होती आणि मी मशीनचं सांगत होतो, हे मला कोणी सांगू शकलं नाही. मी आक्काला विचारलं होतं. ती रडायला लागली म्हणून पुन्हा विचारलं नाही. दोन गाठींना किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. फार लागत नाही. पण त्याआधीचं माहीत नाही.

पंचशील म्हटलं. दिवस मावळायच्या आत सगळं झालं. मूलबाळ आम्हाला नव्हतं. रात्र गेली.

सकाळी उजाडल्यावर मी उठलो. कोणीतरी घर पुसून घेतलं होतं, माळ खिळ्याला अडकवली होती. मोरीजवळ ताटाखाली वाल झाकलेले तसेच. ताट काढलं. फुगून दुप्पट झाले होते, साली फाटल्या होत्या. दोन-चार वर तरंगत होते. ती तरंगणारे काढून टाकायची, म्हणायची पोकळ असतात. मी काढले. मग स्टोव्ह पेटवला.

आक्का चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "भाऊ, चूल पेटवता? आज?"

"वाल भिजलेत."

"फेका ते. आम्ही आणतो ना भाकरी. लोक काय म्हणतील?"

"तिनं भिजवलेत," मी म्हटलं. "भिजवले तर शिजवा लागते."

आक्का चहा ठेवून गेली. आपल्यात सुतक मानत नाहीत असं भाषणात म्हणतात, पण चूल कोणी पेटवत नाही, हे मलाही माहीत आहे. मी तुकडे परतले. कांदा जाळला. वाल टाकले, पाणी टाकलं आणि लगेच मूठभर मीठ टाकलं. हात मागे घेतल्यावर आठवलं.

अकरा वाजले तरी वाल कडकच. साडेअकराला भैया आला, मागे बाकीचे. डबा कोणीच आणला नव्हता. भेटायला आले होते. हात जोडून खाली बघत उभे राहिले. मी म्हटलं, बसा. ते बसले. घरात होती तेवढी ताटं मी मांडली, उरलेल्यांना पातेल्याची झाकणं दिली, आणि वाढलं. कोणी नाही म्हणालं नाही.

खाताना कडकड आवाज होत असणार. मला येत नव्हता, पण जबडे दिसत होते. भैया म्हणाला, "बढ़िया है काका." त्याचं तोंड मला समोर होतं म्हणून कळलं. मग त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. शेजारच्यानंही काढलं. त्याच्या शेजारच्यानंही. एकेकाच्या ताटाच्या कडेला गोधडीच्या दोऱ्याचं वेटोळं होतं, मध्ये माझी गाठ. कोणी वर बघत नव्हतं.

ते जेवून, ताटं स्वतः घासून गेले. मी सगळे दोरे गोळा केले. पातेल्यात तळाला एकच तुकडा उरला होता. दोन्ही टोकांना गाठी. कुठला ते मी ओळखलं नाही, सगळ्या गाठी सारख्याच असतात माझ्या.

तो तुकडा घेऊन मी तिच्या पाटावर बसलो. आधी नखानं पाहिलं, मग सुईनं. मग तोंडाला लावला. तिचं खरं होतं. सुटत नव्हती. दातानं तोडली.