वहीतल्या हाका

सातवीत आमच्या बाईंनी फर्मान काढलं, रोज वहीत एक ओळ लिहायची. एकच. "पानभर लिहायला जाल आणि चार दिवसांत सोडाल. त्यापेक्षा एक ओळ लिहा, पण रोज लिहा," असं त्यांचं म्हणणं. मी जन्माची आळशी. मला ती एक ओळही जिवावर यायची. निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत रोज नवीन काय घडणार होतं, डोंबल? दिवसभर कापड विणणाऱ्या लूमची खडखड, आणि घरोघरी बायका सुताच्या कांड्या भरत बसलेल्या.

मग मला सोपी युक्ती सापडली. बाबा एका कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. दिवसपाळी सुटली की ते घरी येऊन ओट्यावर दाराकडे पाठ करून बसत, आणि चहा झाला की आतून हाक मारायचं काम माझं. पहिल्या हाकेला ते कधी ओ देत नसत. मला भारी राग यायचा. त्या रागातच मी लिहिलं, 'आज बाबांना दोन हाका.' दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. झाली माझी ओळ, डोक्याला ताप नाही! वही दाराजवळच्या कोनाड्यात असायची, तिला सुताने पेन्सिल बांधलेली.

पावसाळ्यात दोनाच्या तीन झाल्या. गणपती झाले आणि चार. एका संध्याकाळी मी पाय आपटत ओट्यावर गेले आणि ओरडले, "बहिरे झालात काय, बाबा?"

आतून आई धावत आली. "तोंड सांभाळ, मेल्ये!" पण मला मारलं नाही तिने. तिला वाचता येत नव्हतं. तिने मला वही आणायला लावली आणि पहिल्यापासून सगळं वाचून घेतलं. दोन, दोन, तीन, तीन, चार. मग बाबांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "शेटला सांगा, तुम्हाला घडीखात्यात घालायला. तिथे नुसते तागे घडी करायचे. चालत्या लूममध्ये कुणी हटा म्हणून ओरडलं आणि तुम्हाला ऐकू आलं नाही तर?"

बाबा भडकले. "लूमला काय झालंय ते मी आवाजावरनं सांगतो. मी घड्या घालीत बसू?" मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. कान न्हाय सुधारले, तर सांगतो शेटला."

तेव्हापासून चहाच्या वेळी मी हाक मारायची आणि आई चुलीपुढे श्वास धरून बसायची. एकदा तर पाच हाका झाल्या. बाबांनी वळून पाहिलं, आमची तोंडं पाहिली आणि हळूच विचारलं, "किती मारल्यास गं, बाय?"

त्यांचा चेहरा मला बघवला नाही. आई चुलीकडे वळली होती. "एकच," मी पुटपुटत एक बोट दाखवलं. वहीतही 'एक हाक' लिहिलं. वाईट वाटलं म्हणून लिहिलं आणि भीतीनेही लिहिलं. पाच लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी माझ्या खुळ्या डोक्यात होतं. मग रोजच चार-पाच हाका मारायच्या आणि एक लिहायची.

आई शेटचा विषय काढायची. बाबा ठासून सांगायचे, "सुधारतायत कान."

"कुठे सुधारतायत? तुम्हाला कुणी सांगितलं?" आई चिडायची. ते नुसते हसायचे. दिवाळी आली, गेली. ते शेटशी बोललेच नाहीत.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका दुपारी बाबा एका लूमवर वाकले होते. शेजारच्या लूमचा आडवं सूत नेणारा धोटा निसटून उडाला. तिथला कारागीर ओरडला, बाकीचे खाली बसले. बाबा तसेच वाकलेले. धोट्याचं लोखंडी टोक त्यांच्या डाव्या डोळ्यात गेलं. तो कारागीरच घरी सांगायला आला, रडत होता बिचारा. "दो बार चिल्लाया, बेटी. चाचा, हटो, चाचा, हटो. उन्होंने सुना ही नहीं."

डोळा गेला. इस्पितळातून आल्यावर बाबा खाटेवर बसून असायचे. पट्टी अजून सुटायची होती. एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या हातात माझी वही होती.

"मी रोज सकाळी ड्युटीला जाताना ही बघून जायचो," ते म्हणाले. "वहीत तर एकच हाक लिवलेली गं, बाय."

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते, मला झोडपलं असतं, तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पायाशी बसून हमसाहमशी रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. मग त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

"आज किती मारल्यास?"

मी दोन्ही हातांची मिळून सहा बोटं दाखवली.

"मग तसं लिव."

मी लिहिलं. त्यांनी वही उजव्या डोळ्याजवळ नेली, ती ओळ वाचली आणि वही कोनाड्यात ठेवायला सांगितली.