जिल्ह्याच्या खुर्च्यांचा फोम

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमचा तालुका जिल्हा होणार ही बातमी पक्की होती. पाण्याची बातमी कच्ची होती. त्यामुळे कचेरीनं आधी जिल्ह्याची तयारी केली. जुन्या खुर्च्या नव्या जिल्ह्याला शोभणार नाहीत म्हणून नव्या आल्या. जुन्यांचं लोखंड भंगारात गेलं आणि आतला फोम कचेरीमागच्या कोरड्या विहिरीत.

महिनाभरानं टँकर सुरू झाले. टँकर कोरड्या विहिरीत रिकामा करायचा आणि बायकांनी ते पाणी शेंदून न्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यासाठी कोणती विहीर निवडली, हे सांगायला नकोच.

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. शेजारच्या काकूंनी एक दिवस कळशी माझ्यासमोर आणून ठेवली.

"बाई, ह्या पाण्यात काय हाय ते बघा. गाळलं तरी पिवळा भुसा निघतुया."

मी विहिरीत डोकावले, तर फोम भिजून पुरीसारखा फुगला होता. अशा फोमला आग लवकर लागू नये म्हणून त्यात फॉस्फरसची रसायनं मिसळतात. ती फोमला घट्ट चिकटलेली नसतात, हळूहळू पाण्यात उतरतात. काचेची बाटली भरून मी हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे पाठवली. काकूंना म्हटलं, तोवर हे पाणी पिऊ नका. त्या म्हणाल्या, "मग काय पिऊ?" माझ्या घरी बोअर होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना रोज दोन कळश्या देऊ लागले, आणि गल्लीतल्या बाकीच्यांच्या नजरा चुकवू लागले.

मैत्रिणीचा अहवाल आला. शंका खरी निघाली. तो घेऊन मी कचेरीत गेले. साहेब नव्या खुर्चीत बसले होते. खुर्चीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"फॉस्फरस म्हणजे फवारणीचं औषध का?" त्यांनी विचारलं.

"नाही, त्याच्या भाऊबंदांतलं. आग रोखायचं."

"मग घाबरायचं काय? उन्हाळ्याचे दिवस आहेत!" साहेब हसले, म्हणून शिपाईही हसला. "ब्लीचिंग पावडर टाकू."

"त्यानं जाणार नाही, साहेब. उकळूनही जात नाही. यातली काही रसायनं ऊन आणि जिवाणू यांनी हळूहळू तुटतात. ज्यांना क्लोरीन जोडलेलं असतं ती मात्र फार काळ तशीच राहतात."

एवढ्या बोलण्यातला 'ऊन' हा एकच शब्द साहेबांनी उचलला. दुसऱ्या दिवशी विहीर उपसली. सगळा फोम कचेरीच्या गच्चीवर पापडासारखा वाळत घातला आणि फायलीत नोंद झाली: 'रसायनांचे उन्हाद्वारे निर्मूलन पूर्ण.' मी पुन्हा जाऊन सांगितलं, की फोमच्या पोटातलं असं वाळवून जात नाही, आणि जाळला तर धूर आणखी वाईट. साहेबांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमचा विषय पाणी आहे की फर्निचर?"

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज अजून वाटते.

गप्प बसल्या नाहीत त्या काकू. टँकर आला तशा त्या वीसेक बायका घेऊन विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसल्या. "आधी टाकी आणा, मग पाणी ओता. हितं न्हाई." ड्रायव्हरनं फोन लावला, साहेबांनी वर लावला. संध्याकाळपर्यंत प्लास्टिकच्या दोन मोठ्या टाक्या चौकात उभ्या राहिल्या. त्या कुठून आल्या, असं विचारल्यावर शिपाई म्हणाला, "गोदामात होत्या की. जिल्हा झाल्यावर उद्घाटन करायचं होतं."

पावसाळ्यानंतर मी विहिरीतलं पाणी पुन्हा हैदराबादला पाठवलं. रसायनं बरीच कमी झाली होती, पण क्लोरीनवाली होतीच. मी विहिरीवर फळी लावून घेतली आणि तिच्यावर स्वतः खडूनं लिहिलं, 'पिऊ नये'. साहेबांची बदली झाली. आमचा तालुका अजून तालुकाच आहे.