बराकीवरची पाटी

वाशीमला माझ्या दुकानासमोर पलटणीची जुनी बराक आहे. पलटण गेल्यावर तिथं धान्याचं गोदाम झालं, मग वसतिगृह, मग दवाखाना. दर वेळी दारावरची पाटी रंगवायला एकच पेंटर येई. जुनी अक्षरं खरडायचा त्याला कंटाळा. तो त्यांच्यावरच नवा हात देई. दोन पावसाळ्यांत रंग उडाला की दवाखान्याखालून गोदाम डोकावे.

परवा त्यानं लिहिलं, ‘इमारत धोकादायक. आत जाऊ नये.’ ब्रश धुतला आणि आतच सावलीला आडवा झाला.

“काका, बाहेर या!” मी ओरडलो.

“झोपू दे ना बाप्पा,” तो डोळे न उघडताच म्हणाला. “माही एकबी पाटी इथं टिकली नाई. हे कायले टिकते?”