मिस व्हर्लीनची मागची खिडकी

मिस व्हर्लीन टॉलिव्हरनं उतारवयात यार ठेवलाय आणि त्याच्यापायी पोटच्या पोराला घराबाहेर काढलंय, ही बातमी आमच्या गल्लीत अर्नेस्टीननं आणली. अर्नेस्टीनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातलं तिला अगदी स्वच्छ दिसतं.

"मागच्या बोळात खिडकीखाली उभा असतो मेला," माझ्या पायरीवर बूड टेकत ती म्हणाली. "टोपी पार भुवयांपर्यंत. ती वरून ताट देते, तो उभ्या उभ्या गिळतो."

"तुला हेवा वाटतोय."

"मिस्टर क्लाइड, मी ज्याला जेवू घालते त्याला खुर्ची देते."

बाल्टिमोरच्या आमच्या भागात घरं एकमेकांना खेटून उभी. त्यामुळे एकाची खबर दुसऱ्याकडे भिंतीतूनच पोचते. माझ्याही तोंडून ती दोन-चार ठिकाणी गेली, नाही म्हणत नाही. चांगली होती.

आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. व्हर्लीनची उमेदीची सगळी वर्षं शाळेच्या जेवणघरात गेली. परीक्षेच्या दिवशी एखादं पोर घाबरलेलं दिसलं, की त्याच्या ताटात दुसरं अंडं पडायचं. मुख्याध्यापकांनी हिशेब विचारला तर म्हणायची, "एक फुटलं." त्या शाळेइतकी फुटकी अंडी साऱ्या मेरीलँड राज्यात निघाली नसतील.

घर सरकारी. घरात ती, अंथरुणाला खिळलेली बहीण रोझेटा आणि मुलगा लायनेल, चाळिशी उलटलेला. रोझेटाचा श्वास यंत्रावर. ते रात्रंदिवस भिंतीच्या विजेवर घुरघुरत असतं. त्याआधीच्या पानगळीत पोलिसांनी कोपऱ्यावरून चारचौघांना उचललं. कुणाच्या तरी खिशात गर्दची पुडी सापडली, आणि लायनेल शेजारी उभा होता. पुढे त्याच्यावरचा आरोप काढून टाकला. पण सरकारी घराचा कायदा निराळा: घरातला एक पकडला गेला, की सगळ्यांनी निघायचं. दारावर नोटीस लागली.

यंत्रासकट रोझेटाला कोण ठेवून घेणार? व्हर्लीननं तीन चर्च आणि दोन भाच्या विचारून पाहिल्या. सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करतो म्हणून सांगितलं.

शेवटी ती कायद्याच्या कॉलेजात गेली. तिथं गरिबांचे खटले विद्यार्थीच फुकट चालवतात. प्रोफेसरबाई शेजारी बसतात, पण कोर्टात तोंड उघडायचं पोरांनी. व्हर्लीनच्या वाट्याला आली हॅना विटमर, दूरच्या आयोवा राज्यातली. पहिलाच खटला. नव्या कोटाच्या मागच्या चिरेला दुकानातला कच्चा टाका तसाच होता. तो व्हर्लीननं कोर्टाच्या दारात दातांनी तोडला.

मी गाडीनं सोडायला गेलो होतो, म्हणून बाकावर शेजारीच होतो. सरकारी वकील तडजोड सांगून गेला होता. हॅनानं ती समजावली, "घर तुमचं आणि रोझेटाबाईंचं राहील. लायनेलचं नाव कमी होईल, आणि त्यांनी पुन्हा कधीच घरात यायचं नाही. एकदा जरी आले, तरी घर जाईल."

"आणि लढलो तर?"

"जिंकण्याची चांगली शक्यता आहे. पण खात्री देता येत नाही."

"तुला काय वाटतं, बाळा?"

हॅनानं प्रोफेसरबाईंकडे पाहिलं. ह्या पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवतात: निर्णय अशिलाचा, आपलं मत त्याच्यावर लादायचं नाही. "निर्णय तुमचा आहे, मिसेस टॉलिव्हर," ती म्हणाली. हातातले कागद ती पुन्हा पुन्हा सारखे करत होती.

आता आमच्या गल्लीची एक पक्की समजूत. ही पोरं कोर्टात येतात ती परीक्षा म्हणून. खटला हरला, की पोर नापास. हे कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण शंका कुणालाच नव्हती. मलाही नव्हती.

व्हर्लीन त्या कागदांकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पोरीनं सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

आणि तिनं सही केली.

लायनेल बाहेर गाडीत बसला होता. त्याला तिनंच सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, आई." थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिनं टर्की केली, शेजारी आंबवलेला कोबी केला, आणि टेबलावर दोनच ताटं मांडली.

मे महिन्यात हॅना निरोप घ्यायला आली. व्हर्लीननं तिच्यासाठी केक केला होता; मलाही बोलावलं होतं.

"पास झालीस ना?"

"झाले."

"मग बरं. त्या दिवशी हरलो असतो, तर तुझं वर्ष गेलं असतं."

हॅनाला कळेना. "निकालाचा आणि मार्कांचा काही संबंध नसतो, मिसेस टॉलिव्हर. मी लढायची तयारी करून आले होते. लढणं तुम्हालाच नको असेल, असं वाटलं मला."

व्हर्लीननं केकचा मोठा तुकडा कापला, कागदात बांधला आणि पोरीच्या हातात दिला. आत यंत्र घुरघुरत होतं. पोरगी गेल्यावरही ती सुरी धरून तशीच उभी होती. मी दोनदा हाक मारली, तरी तिला ऐकू गेलं नाही. त्या संध्याकाळी उरलेला केक मागच्या खिडकीतून खाली गेला.

खिडकीखाली उभा राहून जेवणारा माणूस लायनेल टॉलिव्हर होता. त्याला आईच्या घरात पाऊल टाकायची बंदी आहे.