आठ दिवसांची शिक्षा, नंबर ३७०

“मॅडम, इसमें शिक्षा तो कहीं है ही नहीं!”

बी.एड.च्या प्रॅक्टिस टीचिंगसाठी आलेली ट्रेनी तक्रारीच्या सुरात म्हणाली आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी नाव वाचलं. ‘आठ दिवसांची शिक्षा’. मराठी कादंबरी होती, आणि ती ३७०च्या रॅकवर, अध्यापनशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत उभी होती.

लायब्ररीत प्रत्येक विषयाला नंबर असतो. ३७० म्हणजे शिक्षण. मराठी साहित्याचा नंबर ८९१.४६. आमची शाळा हिंदी मुलखातल्या भनपुरीची, हिंदी माध्यमाची. फार पूर्वी बदली होऊन जाताना एका रेल्वेवाल्याने आपली मराठी पुस्तकं शाळेला देऊन टाकली, ती, ही एक सोडून, एका कपाटात आहेत. त्यांच्या नोंदी त्या वेळच्या क्लार्क दुबे बाबूंनी केल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं, मराठीशी मात्र काही घेणं-देणं नाही. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बाबूंनी ‘शिक्षा’ हा शब्द पाहिला आणि बिचाऱ्या कादंबरीला मास्तर लोकांत नेऊन बसवलं. मीही अकरा वर्षं त्या रॅकवरची धूळ झटकत होते. एकदाही ते पुस्तक उघडून पाहिलं नाही. याची लाज वाटली, ती अजून वाटते.

वाईट वाटायला आणखी एक कारण होतं. त्याच आठवड्यात प्रिन्सिपल शुक्ला सरांनी वीडिंगची लिस्ट मागितली होती. वीडिंग म्हणजे निंदणी. पाच वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं काढून टाकायची.

“मराठी की अलमारी पूरी खाली कर दीजिए, मॅडम. कॉम्पिटिशन की किताबें रखनी हैं.”

“सर, कुछ दिन दीजिए.”

“पंद्रह दिन. पर कोई पढ़ता हो तो दिखाइए.”

दाखवायचं म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या स्लिपवर परतीच्या तारखेचा शिक्का हवा. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो. चार-सहा मारून टाकले असते तर कुणाला कळलं नसतं. पण वाचक नसताना शिक्का मारणं मला जमत नाही. सासूबाई याला माझा आडमुठेपणा म्हणत.

त्या दुपारी मी सहज म्हणून पहिलं पान उघडलं. शाळा सुटल्याची घंटा मला ऐकू आली नाही. प्यून किल्ल्या वाजवत समोर उभा राहिला, तेव्हा मी सत्तराव्या पानावर होते.

काय कादंबरी आहे! एका तालुक्याच्या गावातलं हायस्कूल. प्रयोगशाळेतली काचेची बरणी फुटते. कुणी फोडली ते नववीतल्या सुनंदाला माहीत असतं, पण ती सांगत नाही. हेडमास्तर तिला आठ दिवस वर्गाबाहेर बसवतात. व्हरांड्यात, पाण्याच्या माठाजवळ, गोणपाटावर. बस, एवढीच गोष्ट. पण त्या व्हरांड्यावर सगळ्या वर्गांच्या खिडक्या उघडतात. एकीतून भूमिती ऐकू येते, दुसरीतून कविता, तिसरीतून मास्तरांची घरची चिंता. लेखिका कुणाला खलनायक करत नाही, उपदेश तर औषधालाही नाही. आठव्या दिवशी हेडमास्तर म्हणतात, “जा आत.” आणि सुनंदा म्हणते, “सर, अजून दोन दिवस बसू द्या ना. सातवीचा धडा अर्धा राहिलाय.” तिथे मी हसलेही आणि डोळेही पुसले.

एवढं चांगलं पुस्तक रद्दीत जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. वाचक शोधायला लागले. अकरावीतली अस्मिता मेश्राम आठवली. तिचे वडील जवळच उरल्याच्या कारखान्यात फिटर, भंडाऱ्याकडचे. तिला बोलावलं.

“मराठी येते ना तुला?”

“समझ आती है, मॅडम. पढ़ी कभी नहीं.”

“अक्षरं तर तीच आहेत.”

तिने पान उलटलं. “ये ळ वाला बहुत है इसमें.”

“त्याची सवय होते. आठ दिवसांत परत करायचं.”

“हव,” म्हणाली आणि दप्तरात टाकून गेली. मी शिक्का मारला, खरा शिक्का.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला ऑफिसातून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले. अस्मिताचे वडील कारखान्याच्या युनिफॉर्ममध्येच शुक्ला सरांसमोर उभे होते. पोरीने घरी सांगितलं होतं, “मॅडम ने आठ दिवसांची शिक्षा दी है.” वडील रात्रपाळीला होते, आईने ते सकाळी फोनवर जसंच्या तसं त्यांच्या कानावर घातलं. मग काय, गडी ड्युटी सोडून थेट शाळेत! हिंदी त्यांना चांगली येते, पण रागात माणूस घरचीच भाषा बोलतो.

“मायी पोट्टी कोणाच्या अध्यात ना मध्यात! तिले आठ दिवसांची शिक्षा काहून देल्ली?”

शुक्ला सरांना त्यातला एकच शब्द कळला. “शिक्षा दी तो क्या बुरा किया, भैया? शिक्षा देना तो हमारा काम है.”

“काम है? बिना गलती के?”

“गलती का क्या सवाल? हम तो यहाँ सब बच्चों को शिक्षा देते हैं. रोज़ देते हैं!”

मेश्राम भाऊंचा चेहरा लालबुंद झाला. “रोज?”

मी मध्ये पडले नसते तर प्रकरण हातघाईवर गेलं असतं. “भाऊ, शिक्षा नाही देल्ली. पुस्तक देल्लं. पुस्तकाचं नाव आहे ते.” मग सरांकडे वळून हिंदीत समजावलं, माठाजवळ बसवलेल्या सुनंदाची गोष्टही थोडक्यात सांगितली. आधी शुक्ला सर हसले, मग मेश्राम भाऊ, आणि मग ऑफिसातले सगळेच. सरांनी चहा मागवला.

जाताना भाऊ माझ्याजवळ आले. ओशाळले होते. “माफ करजा, ताई. पण पोट्टी रात्री जेवाले उठली नाही, असं तिच्या मायनं फोनवर सांगतलं. ती वाचूनच राहिली असन. मले वाटलं रडून राहिली.” मग म्हणाले, “माठाजवळ मीबी बसलो आहे लहानपणी. तिचं झालं का मी वाचतो.”

अस्मिताने आठव्या दिवशी पुस्तक आणलं आणि त्याच दिवशी पुन्हा नेलं, वडिलांसाठी. रिसेसमध्ये ती मैत्रिणींना रोज एक प्रकरण हिंदीतून सांगायची. पंजाबी, साहू, वर्मा, सगळ्या पोरी तिच्याभोवती. कोणत्या दिवशी सुनंदा बरणी फोडणाऱ्याचं नाव सांगेल, यावर त्यांच्यात भांडणं. मेश्राम भाऊंनी शेजारच्या दोन मराठी घरांना कळवलं. त्या घरांतल्या, आमच्याच शाळेत शिकणाऱ्या मुली कपाटातून आणखी पुस्तकं घेऊन गेल्या. पंधराव्या दिवशी मी सरांपुढे सहा पुस्तकांच्या स्लिपा ठेवल्या.

त्यांनी शिक्के निरखून पाहिले. मला ओळखत असल्यामुळे खरे का, असं विचारलं नाही. लिस्टवर आडवी रेघ मारली. “अलमारी रहने दीजिए. एक साल देखते हैं.”

वर्षभराची मुदत तर मुदत. मी खुशीत परत आले. आता दुबे बाबूंची चूक दुरुस्त करायची म्हणून रजिस्टर उघडलं, ३७० खोडायला लाल पेन घेतलं. अस्मिता टेबलाशीच उभी होती.

“नंबर क्यों काट रही हैं, मॅडम?”

“चुकीचा आहे. ही गोष्ट शिक्षणाची नाही, दंडाची आहे.”

ती म्हणाली, “पर सुनंदा को आठ दिन में मिला क्या? शिक्षा ही तो मिली.”

मी पेनाला टोपण लावलं. पुस्तक अजून ३७०वरच आहे. पुस्तक वाचल्याशिवाय नंबर लावू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी ते वाचूनही चुकणार होते. दुबे बाबूंनी न वाचता बरोबर लावला होता.